मंदीचा हंगाम आणि डोंगराची वाट

आम्ही बँकेच्या नोकरीला लागलो त्या काळी रिझर्व्ह बँकेचे पतधोरण वर्षातून दोनदा जाहीर होत असे. एक तेजीच्या हंगामासाठी आणि दुसरे मंदीच्या हंगामासाठी. साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत शेतमाल बाजारात येई, व्यापाऱ्यांना खरेदीसाठी आणि साखर कारखान्यांना गाळपासाठी पैसा लागे. तो तेजीचा हंगाम. पुढे पावसाळा संपेपर्यंत तोच पैसा हळूहळू बँकेकडे परतत असे. तो मंदीचा हंगाम. नवख्या अधिकाऱ्यास वाटे, या महिन्यांत शाखेत काम ते काय असणार? परंतु थकीत खाती तपासणे, तारण मालाची पाहणी करणे, दस्तऐवजांच्या मुदती पाहणे, कर्जदाराच्या बांधावर जाऊन त्याचे पीक डोळ्यांनी पाहणे, ही सारी कामे याच काळात होत. तेजीत आम्ही सह्या करीत असू. त्या सह्या कोणत्या कागदावर करावयाच्या, हे बहुधा मंदीतच ठरलेले असे.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे माझी सायकल. सेवानिवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मी डोंगरात चालविण्याची सायकल घेतली. तिला सर्वजण माऊंटन बाइक म्हणतात. आज माझे वय सहासष्ट आहे. मी स्पर्धक नाही, आणि कोणत्याही अर्थाने तज्ज्ञ तर मुळीच नाही. हिवाळ्यात एखाद्या हौशी शर्यतीत ज्येष्ठांच्या गटात नाव नोंदवावे, शेवटच्या पाच-सहांत पोहोचावे आणि केळे खाऊन घरी यावे, एवढाच माझा पराक्रम. परंतु या छंदालाही तेजी-मंदीचे तेच वेळापत्रक आहे, हे ध्यानी आले तेव्हा मौज वाटली. दसऱ्यानंतर वाटा वाळतात, हवा थंडावते, शर्यती आणि सहली सुरू होतात. मार्चअखेरीस ऊन चढू लागले की हंगाम सरतो. वैशाखाचा वणवा आणि त्यामागून येणारा पावसाळा हे बिगर-हंगामाचे महिने. या महिन्यांत सायकल माळ्यावर टाकणारे पुष्कळ आहेत. मला मात्र हेच महिने अधिक प्रिय आहेत.

प्रथम या वाहनाविषयी थोडे सांगतो, कारण आपल्या पिढीने ओळखलेली सायकल ती ही नव्हे. आपली सायकल म्हणजे काळी, उंच, मागे कॅरिअर आणि पुढे घंटी असलेली. दूधवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सर्वांना चालणारी. डोंगरी सायकलचे टायर दोन-सव्वादोन इंच रुंद असतात आणि त्यांवर ठळक गाठी असतात. त्यांत हवा रस्त्यावरील सायकलपेक्षा पुष्कळच कमी ठेवावी लागते; त्यामुळे टायर दगडावर आदळून उसळत नाही, दगडाला किंचित कवटाळून पुढे जातो. पुढील काट्यात धक्के शोषणारी रचना असते. चढणीसाठी इतके हलके गिअर असतात की माणूस चालण्याच्या वेगाने, तरीही खाली न उतरता, डोंगर चढू शकतो.

या खेळाचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या टॅमलपायस डोंगराच्या परिसरात झाला. १९७०च्या दशकात तेथील काही तरुण जाड टायरच्या जुन्यापुराण्या सायकली भंगारातून शोधून आणीत आणि कच्च्या रस्त्यांवरून उताराला सोडीत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आसात असे. लांब उतारावर तो इतका तापे की आतील वंगण जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर नव्याने भरावे लागे. इंग्रजीत अशा भरण्याला ‘रीपॅक’ म्हणतात. त्यावरून त्या उताराचेच नाव रीपॅक पडले. तेथील पहिली शर्यत ऑक्टोबर १९७६मधली. अवघ्या वीस वर्षांनी, १९९६ साली, अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. परंतु या कथेची दुसरी बाजूही आहे. ज्या डोंगराने हा खेळ जन्मास घातला, तेथीलच अनेक अरुंद पायवाटा पुढे सायकलींना बंद झाल्या. पादचाऱ्यांच्या तक्रारी आणि वाटांची झीज ही त्यामागची कारणे होती. अशा बंदीला उत्तर म्हणून तेथील सायकलपटूंच्या मंडळांनी १९८८ साली एक आंतरराष्ट्रीय संघटना उभारली आणि स्वतःसाठीच आचारसंहिता लिहिली. ओल्या, मऊ वाटांची हानी लवकर होते, ती टाळावी, हे त्या संहितेतील एक महत्त्वाचे कलम आहे. हे कलम मी वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपले मसाई पठार उभे राहिले. त्याविषयी पुढे येईलच.

बिगर-हंगामातील माझे दिवस अगदी साधे असतात. पहाटे साडेपाचला उठून प्रथम गंगावेशीला जावयाचे. कोल्हापूरकरांना सांगावयास नको की तेथे म्हशीचे दूध डोळ्यांदेखत काढून मिळते. किटली हँडलला अडकवून परत यावयाचे. डोंगरासाठी बनविलेल्या काट्याने एवढे केले की दूध हिंदकळत नाही. घरात चहा होईपर्यंत रंकाळ्याला एक फेरी. दिवसा याच सायकलवरून कपिलतीर्थ मंडईतून भाजी, औषधे, विजेचे बिल आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला. आमच्या बँकेतील तरुण मुली त्या सायकलकडे पाहून म्हणतात, “सर, हिच्यावरून आलात म्हणजे दाखल्याची गरजच काय?”

आठवड्यातून दोन दिवस जरा लांब जातो. फुलेवाडीवरून बालिंग्याकडे निघालो की भोगावतीच्या दोन्ही अंगांना उसाच्या पाणंदी आहेत. पाणंद म्हणजे शेताशेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. अमेरिकेतील तरुणांनी जे डोंगरात शोधले ते आपल्याकडे प्रत्येक गावाच्या शिवारात आहे. उन्हाळ्यात ऊस तुटून गेलेला असतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून विटेसारख्या कठीण झालेल्या असतात. त्या चाकोरीत पुढील चाक अडकले की तोल गेलाच म्हणून समजावे. तेथे नजर चाकाखाली न ठेवता दहा-पंधरा पावले पुढे ठेवावी लागते. मृगाचा पाऊस पडला की त्याच पाणंदीत काळ्या मातीचा असा गारा होतो की टायर आणि काटा यांच्यामध्ये तो गच्च बसतो व चाक फिरेनासे होते. मग सायकल खांद्यावर. तेव्हापासून सप्टेंबरपर्यंत मी पाणंदी सोडतो आणि डांबरी रस्त्याला लागतो.

पावसाळ्यात कोल्हापुरात कोणीही भेटला तरी पहिला प्रश्न एकच : राजाराम बंधाऱ्याची पातळी किती? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे येथील लहान मुलासही पाठ असते. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती. पातळी ठीक असेल त्या दिवशी शिवाजी पूल ओलांडून केर्लीमार्गे पन्हाळा. अंतर साधारण वीस किलोमीटर. शेवटचे काही किलोमीटर अखंड चढ. पावसात या चढाला एक लय सापडते. सर्वांत हलका गिअर, कपाळावरून ओघळणारे पाणी आणि श्वास इतकाच जलद की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावयाचा. हीच या महिन्यांतील साधना. हृदय आणि फुप्फुसे यांचा पाया अशा संथ, लांब फेऱ्यांनी घातला जातो. शर्यतीच्या हंगामातील धाप ही त्या पायावरची इमारत. त्याचबरोबर एक गोष्ट समवयस्क वाचकांनी ध्यानी ठेवावी. सायकलवर शरीराचा भार हाडांवर फारसा पडत नाही, म्हणून केवळ सायकल चालवून हाडे बळकट होत नाहीत. रोज चालणे आणि थोडे वजन उचलणे हे त्यास जोडून हवेच.

सायकलची डागडुजीही याच दिवसांत होते. पावसाचे पाणी आणि बारीक वाळू मिळून चेनच्या सांध्यांत कानसच तयार होते. चेन झिजली की ती दातेरी चक्रांनाही झिजविते, आणि चक्रे चेनच्या कितीतरी पट महाग असतात. म्हणून प्रत्येक फेरीनंतर चेन पुसून तेल द्यावयाचे, ब्रेकचे पॅड किती उरले ते पाहावयाचे. धुताना पाण्याचा जोरदार फवारा आसावर मारावयाचा नाही, कारण त्याने आतील वंगण निघून पाणी शिरते. बँकेत घसाऱ्याची तरतूद दर वर्षी करीत असू, ती का करावयाची हे येथे हातांना काळे लागल्यावर अधिक चांगले कळते.

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या पावसाळ्यात पन्हाळा नव्हता आणि पाणंदही नव्हती. सकाळी व्यायाम करवून घेणारी बाई येईपर्यंत एक तास आणि दुपारी ती निजल्यावर अर्धा तास, एवढाच काय तो अवकाश. मंडई, औषधांचे दुकान, दवाखाना आणि घर, असे दिवसाचे जेमतेम पाच किलोमीटर. पहिल्या पंधरवड्यात मला ते पिंजऱ्यातल्यासारखे वाटले. परंतु हळूहळू त्या पाच किलोमीटरांतच मला पुष्कळ काही दिसू लागले. कोणत्या गल्लीत पाणी साचते, कोणत्या वळणावर शेवाळ धरते, कोणत्या दारातील प्राजक्त श्रावणाआधीच फुलतो. मुख्य म्हणजे घरी परतल्यावर सौ. विचारी, “आज काय पाहिलंत?” आणि मला सांगण्यासारखे काही तरी हवे असे. तिच्यासाठी पाहावयाचे म्हणून मी नीट पाहू लागलो. सप्टेंबरात ती काठी घेऊन रंकाळ्याच्या कट्ट्यापर्यंत चालत आली, मी सायकल हातात धरून शेजारून चाललो. त्या वर्षी हिवाळ्यातील शर्यतीत मी नाव घातले नाही, आणि त्याची खंतही वाटली नाही.

आता मसाई पठाराकडे येतो. पन्हाळ्याच्या राजदिंडीने उतरून म्हाळुंग्यावरून चढले की हे पठार लागते. १६६०च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले ते याच पठारावरून, भर पावसात. आजही दर जुलैत शेकडो तरुण ती वाट चालतात. युनेस्कोने २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात समाविष्ट केले, त्यांत पन्हाळाही आहे. त्यामुळे या भागाची वर्दळ वाढणारच. मसाई पठारालाही शासनाने संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिलेला आहे.

हे पठार जांभ्या दगडाचे आहे. उन्हाळ्यात पाहावे तर तांबडा-काळा कातळ, वाळके गवत आणि घोंघावणारा वारा. दूर मसाई देवीचे ठाणे, आणि कड्याच्या पोटात पांडवदऱ्याची लेणी. परंतु कातळावर जागोजागी बोटभर मातीचा थर असतो, आणि पाऊस पडताच त्या बोटभर मातीत एक निराळीच सृष्टी जागी होते. गेंदाची पांढरी बोंडे, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा, पिवळा कवला, तेरडा, आणि आपल्या चिकट थेंबांत बारीक कीटक धरणारे दवबिंदूचे रोप. सीतेची आसवे हेही कीटकभक्षीच. मातीत पोषण इतके थोडे की या वनस्पतींना आहाराची वेगळी सोय करावी लागली. पावसाच्या काही आठवड्यांत उगवणे, फुलणे आणि बी टाकणे हे सर्व उरकावयाचे, आणि मग आठ महिने कातळात झोपून राहावयाचे. आपण ज्यास बिगर-हंगाम म्हणतो तोच त्यांचा एकमेव हंगाम.

माझा नातू सोळा वर्षांचा आहे आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगली सायकल चालवितो. गेल्या ऑगस्टमध्ये तो माझ्याबरोबर पठारावर आला. पठारावर जुनी गाडीवाट आहे. आम्ही तिच्यावरूनच जात होतो. बाजूला ओल्या हिरव्या उतारावर फुलांचा पट्टा पसरलेला होता. त्याच्या मधून सायकल सोडावी आणि मी तिचे चित्रण करावे, अशी त्याची इच्छा. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, “आबा, एका टायरने असं काय होणार आहे?”

हा प्रश्न मी नोकरीत फार ऐकला होता. एका हप्त्याने काय होते, असे कर्जदार म्हणत. मी त्याला खाली बसून गाडीवाटेच्या कडेची एक चाकोरी दाखविली. ओल्या मातीत टायर दोन बोटे खोल रुततो. उतारावर ती खाच म्हणजे पाण्याला केलेला पाट. पाऊस त्यातूनच वाहतो आणि माती नेतो. पुढच्या खेपेस तेथे डबके असते, म्हणून येणारा सायकलवाला डबके चुकवून बाजूच्या हिरवळीवरून जातो. त्याच्या मागचा आणखी बाजूने. हातभर वाट अशीच दहा हात रुंद होते. येथे माती मुळात बोटभर. ती गेली की खाली नुसता कातळ उरतो, आणि त्यात बी रुजत नाही. चक्रवाढ व्याज म्हणतात ते हेच, फक्त ते आपल्या नावे जमा न होता खर्ची पडते. डोंगराची माती पाण्यापुढे किती टिकते, याचा एक पुरावा तर आम्ही येतानाच ओलांडून आलो होतो. २०२१च्या जुलैतील अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता.

आपल्या वाचकांना यात नवीन काही वाटणार नाही. पावसाळ्यात पृथ्वी अंकुरांनी आणि सूक्ष्म जीवांनी भरते म्हणून विहार थांबविण्याची रीत आपल्या ओळखीची आहे. कॅलिफोर्नियाच्या सायकलपटूंनी वाटा झिजल्यावर जे कलम लिहिले, त्याचा आशय फारसा वेगळा नाही.

नातवाचे समाधान पूर्ण झाले असे नव्हे. तो गप्प राहिला. इतक्यात एक गवळी-धनगर आजोबा म्हशी हाकीत आले. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी. आमच्या सायकलींकडे पाहून म्हणाले, “काय पाव्हणं, गाडी हितवर आणलासा, आता पुढं कुठं?” मी म्हणालो, “इथूनच मागं फिरणार. पुढं फुलं आहेत.” त्यावर ते हसले. “फुलं हायती खरं. म्या बी म्हशी तिकडं भाद्रपदाच्या आत सोडत न्हाई. बी पडू दे की. बी न्हाई पडलं तर म्होरल्या साली म्हशी खातील काय?” एवढे बोलून ते उतरून गेले. मी अर्धा तास जे सांगत होतो ते त्यांनी चार वाक्यांत सांगितले, आणि त्यात त्यांचा स्वतःचा व्यवहार होता. नातवाने मोबाइल खिशात ठेवला. मग आम्ही सायकली गाडीवाटेवर आडव्या ठेवल्या आणि कडेला उकिडवे बसून दवबिंदूच्या एका रोपावर चिकटलेली माशी बराच वेळ पाहत राहिलो.

बिगर-हंगामात डोंगर सोडून द्यावयाचा नसतो, त्याला भेटण्याची रीत बदलावयाची असते, असे मला वाटते. हिवाळ्यात मी डोंगराकडून वेग, उतार, थरार घेतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याला विश्रांती देतो आणि स्वतःच्या श्वासाची, सायकलच्या चेनची व घरातील माणसांची पाहणी करतो. एकूण किलोमीटर मांडले तर या महिन्यांची बाजू नेहमीच लंगडी दिसेल. परंतु सहासष्टाव्या वर्षी मी अजून पन्हाळ्याचा चढ न उतरता चढतो, तो हिवाळ्यातील शर्यतींमुळे नव्हे. दूध, भाजी आणि औषधे आणणाऱ्या शेकडो लहान फेऱ्यांनी तो चढविला आहे.

वाचकांपैकी कोणी श्रावण-भाद्रपदात मसाई पठारावर जाणार असतील तर जरूर जावे. गाडी खालीच ठेवावी. सायकल नेली तर ती जुन्या गाडीवाटेवरच ठेवावी आणि डबके आले तर बाजूने न जाता त्याच्या मधूनच जावे, बूट वाळतात. फुले उभ्याने दिसत नाहीत, बसावे लागते. गुडघे दुखत असतील त्यांनी सोबत लहान चौरंग न्यावा, आमची सौ. या वर्षी तसेच करणार आहे. अश्विनात गवत पिवळे पडेल, बी पडलेले असेल, वाट खणखणीत वाळलेली असेल. त्यानंतर नातू आणि मी या पठाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने जाणार आहोत. तो पुढे असेल, हे सांगावयास नकोच.